कमी चालणारा ट्रॅक्टर घेताय? मग आधी धुराड्याकडे बघा

तासमीटरवर ४१ आकडा होता तेव्हा माझ्या नव्या ट्रॅक्टरच्या डॅशवर पहिल्यांदा पिवळा दिवा लागला. एक चौकोन आणि त्यात ठिपके. मी ट्रॉली इकडची तिकडे सरकवत होतो, पाच मिनिटांचं काम. इंजिनाचा आवाज आपोआप चढला, धुराड्यातून करपट, डोळ्यांना झोंबणारा वास आला. काहीतरी पेटलंय असं वाटून मी किल्ली फिरवून बंद केलं. पुढच्या दोन महिन्यांत हेच आणखी चार वेळा केलं. त्यानंतर दिव्याचा रंग लाल झाला, इंजिनाचा दम निम्म्यावर आला आणि लॅपटॉप घेऊन येणारा मेकॅनिक बोलवावा लागला. त्याने तासभर इंजिन जागेवरच तापवून फिल्टर मोकळा केला. जाताना म्हणाला, "साहेब, तो जळत होता म्हणून तुम्ही बंद करत होतात ना? त्याला जळू द्यायचं असतं."

ट्रॅक्टर घेताना मी एचपी पाहिला, हायड्रॉलिक्स पाहिलं, टायर पाहिले, सीटवर बसून पाहिलं. बॉनेटखाली धूर साफ करणारी एक आख्खी यंत्रणा आहे आणि तिला स्वतःच्या सवयी आहेत, हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुमचाही ट्रॅक्टर वर्षातले बरेच दिवस शेडमध्येच उभा राहणार असेल, तर पैसे देण्याआधी पुढचं वाचा.

१. वर्षाचे तास मोजू नका, एका बैठकीची मिनिटं मोजा

"माझा वापर कमी आहे" या वाक्याने काहीच कळत नाही. दोन मालक समोर ठेवा. पहिला वर्षाला जेमतेम ५० तास चालवतो, पण रोटाव्हेटर लावला की सकाळपासून दुपारपर्यंत खाली उतरत नाही. दुसरा वर्षाला १५० तास चालवतो, पण रोज पंचवीस मिनिटं: लोडरने दोन बादल्या माती, थोडी ओढाओढ, मग बंद. तासांवर गेलात तर पहिला कमी वापरणारा. त्रास मात्र दुसऱ्यालाच होणार, कारण त्याचं इंजिन नीट तापतच नाही.

म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी एका कागदावर तीन रकाने पाडा. काम कोणतं, एका वेळी किती मिनिटं, आणि इंजिनावर ओझं किती: हलकं, मध्यम की दमवणारं. वर्षभराची कामं आठवून लिहा. निम्म्याहून जास्त ओळींत "वीस मिनिटं, हलकं" आलं, तर यंत्रणा जितकी साधी तितकं बरं. बहुतेक ओळींत "दोन तास, दमवणारं" असेल, तर ट्रॅक्टर वर्षाला ४० तासच चालला तरी आधुनिक इंजिनाला घाबरायचं कारण नाही.

मी हा कागद ट्रॅक्टर घेतल्यावर केला. अकरा ओळींपैकी आठ हलक्या निघाल्या.

२. धुराड्याआधी काय काय बसवलंय ते ओळखा

माहितीपत्रकात ही नावं आखूड आद्याक्षरांत येतात आणि विक्रेता ती पटकन म्हणून पुढे जातो. चार नावं आहेत, चौघांचे स्वभाव वेगळे.

ईजीआर. जळालेल्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडला जातो. त्याने जळण्याचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड हे प्रदूषक वायू कमी बनतात. इंजिन तासन्‌तास नुसतं रिकामं चालू ठेवलं, की याच्या झडपेत आणि इनटेकच्या वाटेत चिकट काजळी बसते.

डीओसी. प्लॅटिनम, पॅलेडियमसारख्या धातूंचा मुलामा दिलेली मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं इंधन इथे जळतं. यात कुठलं बटण नाही, दिवा नाही, भरायचं काही नाही. कमी वापरणाऱ्याला चौघांत सर्वांत कमी त्रास हिचा.

डीपीएफ. खरं नाटक इथे चालतं. ही सिरॅमिकची गाळणी. आत शेकडो बारीक नळ्या, एक नळी पुढून बंद तर शेजारची मागून बंद, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच जावं लागतं. काजळी भिंतीवर अडकते. ती साठत गेली की गाळणी तुंबते, म्हणून ती अधूनमधून जाळावी लागते. या जाळण्याला सगळे रीजनरेशन म्हणतात, बोलताना नुसतं "रीजन".

रीजन तीन तऱ्हेने होतं. इंजिन ओझ्याखाली चांगलं तापलेलं असेल, तर धुराच्या साधारण २५० ते ४०० अंश सेल्सियस उष्णतेत काजळी हळूहळू आपोआप जळत राहते. तुम्हाला पत्ताही लागत नाही. तेवढ्याने भागलं नाही, तर इंजिनाचा कॉम्प्युटर जास्तीचं डिझेल सोडून गाळणीचं तापमान ५५० ते ६०० अंशांपर्यंत चढवतो आणि चालत्या कामातच काजळी जाळतो. तेही जमलं नाही तर दिवा लावून सांगतो: मला मोकळ्या जागी उभा करा, बटण दाबा आणि अर्धा तास हात लावू नका. त्याकडेही दुर्लक्ष केलं, की इंजिनाची ताकद छाटली जाते आणि मग लॅपटॉपवाल्याशिवाय वाट नाही. मी याच पायरीपर्यंत पोहोचलो होतो. यापुढची पायरी म्हणजे गाळणीच बदलणं. तिथे जाऊ नका.

गाळणीत काजळीशिवाय राखही साठते. ती इंजिन ऑइलमधल्या रसायनांची असते आणि कितीही तापवली तरी जळत नाही. गाळणी काढूनच साफ करावी लागते, पण ती पाळी हजारो तासांनी येते. वर्षाला ६० तास चालवणाऱ्याने राखेची काळजी करू नये. काजळीची करावी.

एससीआर. धुरात युरियाचं द्रावण फवारतात. त्यातून अमोनिया सुटतो आणि नायट्रोजन ऑक्साइडचं साधा नायट्रोजन आणि पाणी होतं. या द्रावणाला डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड म्हणतात, बाजारात "डेफ" म्हणूनच मागायचं. त्यासाठी निराळी टाकी असते आणि तिचं झाकण बहुधा निळं. एससीआरची कुरकुर काजळीवरून नसते, डेफ जुनं होण्यावरून असते. उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरला तीच नडते. त्याबद्दल नवव्या पायरीत.

३. एचपीच्या रेषा कुठे आहेत ते बघा

कोणत्या ट्रॅक्टरला काय बसवायचं हे कंपनीच्या मर्जीपेक्षा कायद्याच्या आकड्यांवर ठरतं. १९ किलोवॉट म्हणजे साधारण २५ एचपी, ३७ म्हणजे ५०, आणि ५६ म्हणजे ७५. बहुतेक नियम या तीन खुंट्यांना बांधलेले आहेत.

अमेरिकेच्या टियर ४ नियमांत १९ किलोवॉटच्या खालच्या इंजिनांना धुराची मर्यादा बरीच सैल आहे, तिथे डीपीएफ लागत नाही. १९ ते ५६ किलोवॉटसाठी २०१३ पासून काजळीची मर्यादा किलोवॉट-तासाला ०.०३ ग्रॅमवर आली, आणि या टप्प्यात डीपीएफ सर्रास दिसू लागला. काही कंपन्यांनी नुसत्या डीओसीवर आणि चांगल्या इंजेक्शनवर निभावून नेलं, म्हणून एकाच एचपीच्या दोन ट्रॅक्टरांत एकाला गाळणी आणि एकाला नाही असं दिसू शकतं. ५६ किलोवॉटच्या वर नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ०.४० ग्रॅम झाली आणि एससीआर आला.

युरोपचा स्टेज ५ आणखी कडक. १९ ते ५६० किलोवॉटच्या इंजिनांना तो काजळीचं वजन तर मोजतोच, शिवाय कणांची संख्याही मोजतो, आणि त्या आकड्यात बसायचं तर डीपीएफ जवळपास अटळ ठरतो. भारतात ट्रॅक्टरच्या धुराच्या नियमांचा ट्रेम ४ हा टप्पा ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला.

यातून कामाची गोष्ट एवढीच: रेषेच्या जरा खाली आणि जरा वर असलेले दोन ट्रॅक्टर ताकदीत सख्खे भाऊ असतात, पण बॉनेटखाली दोन वेगळी घराणी. २४ एचपीचे इतके मॉडेल का असतात, हे मला त्यानंतर कळलं.

नियम इंजिनाच्या ताकदीवर लागतात, तुमची अवजारं मात्र पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टच्या, ताकदीवर चालतात, आणि ती इंजिनापेक्षा साधारण १० ते १५ टक्के कमी असते. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहा.

४. आता निवड

माझं मत सरळ सांगतो. पटलं नाही तर सोडून द्या.

कामं हलकी आणि तुटक असतील, तर रेषेखालचा, डीपीएफ नसलेला ट्रॅक्टर घ्या. कामाला दहा टक्के वेळ जास्त लागला तरी चालेल. वर्षातून ६० तास चालणाऱ्याचे त्यात सहा तास जातात. मेकॅनिकची वाट बघण्यात माझे यापेक्षा जास्त गेले.

कामं जड असतील आणि एकदा सुरू केलं की दोन-तीन तास सुटका नसेल, तर डीपीएफवाला घ्या आणि निर्धास्त राहा. गाळणी आपली आपण साफ होत राहील.

डीपीएफशिवाय नुसता एससीआर असलेलं मॉडेल मिळत असेल, तर काजळी जाळायची कटकट नाही, पण डेफची तारीख सांभाळावी लागेल. विसरभोळ्या माणसाने यात पडू नये.

नियम येण्याआधीचा जुना ट्रॅक्टर घ्या, असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. मेकॅनिकल पंप, वायर कमी, पान्याने दुरुस्त होतो, हे सगळं खरं. पण ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे चांगले जुने ट्रॅक्टर स्वस्त राहत नाहीत, आणि स्वस्त असतात ते चांगले नसतात. शिवाय त्यांच्यावर पलटी रोखणारा सांगाडा आणि पट्टा आहे का, तेही बघावं लागतं. उतारावर काम असेल आणि सांगाडा नसेल, तर तो ट्रॅक्टर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

चौथी वाट म्हणजे न घेणं. वर्षाची जड कामं तीन-चार दिवसांतच संपत असतील तर ती भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घ्या आणि रोजच्या हलक्या कामाला छोटा ठेवा. हिशोब करून बघा, यात कमीपणा नाही.

सापळा: "पुढे लागेल, मोठाच घ्या." पूर्वी हा सल्ला निदान निरुपद्रवी होता. आता नाही. ६० एचपीच्या इंजिनाकडून १५ एचपीचं काम घेतलं, तर धूर गारच राहतो, काजळी जास्त बनते आणि जळत नाही. सर्वांत जड अवजाराला जेवढं लागतं त्याहून जरासा वरचा आकडा घ्या आणि तिथे थांबा.

सापळा: "घ्या हो, नंतर गाळणी काढून टाकू." अमेरिकेत आणि युरोपात हे बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी इंजिनाचा कॉम्प्युटर गाळणीच्या पुढचा-मागचा दाब आणि तापमान सतत बघत असतो. त्याला फसवायला प्रोग्रॅम बदलावा लागतो, मग वॉरंटी जाते आणि विकताना गिऱ्हाईक नाक मुरडतं. गाळणी नको असेल तर गाळणी नसलेलाच घ्या.

५. डीलरला विचारायचे प्रश्न

लिहून न्या, नाहीतर नव्या रंगाच्या झळाळीत विसराल. मी विसरलो होतो.

- या मॉडेलला ईजीआर, डीओसी, डीपीएफ, एससीआर यांपैकी नेमकं काय आहे? इंजिनावर धूर-मानकाची पट्टी कुठे लावलीय, ती दाखवा.
- काजळी किती भरली याचा टक्का डॅशवर दिसतो, की नुसता दिवा लागतो? टक्का दिसणारा घ्या. नुसता दिवा म्हणजे पाण्याची टाकी रिकामी झाल्यावर कळणं.
- उभं राहून करायचं रीजन मला स्वतःला करता येतं का, की तुमचाच माणूस लागतो?
- रीजन पुढे ढकलायचं बटण आहे का? किती वेळा ढकललं की ताकद कमी होते?
- लॅपटॉप घेऊन येणारा माणूस तुमचा स्वतःचा आहे का? बोलावल्यावर किती दिवसांत येतो?
- सर्व्हिस किती तासांनी, आणि तास भरले नाहीत तर किती महिन्यांनी?
- वॉरंटी गाळणीला आणि सेन्सरला धरून आहे का?

शेवटचे दोन प्रश्न कमी चालवणाऱ्याचे खास. वॉरंटी, उदाहरणार्थ, "५ वर्षं किंवा ३००० तास, जे आधी येईल ते" अशी असते. ६० तासांच्या हिशोबाने ५ वर्षांत तुमचे ३०० तास होतील. म्हणजे कॅलेंडर संपेल तेव्हा इंजिन अजून नवंच असेल, आणि त्यानंतरचा प्रत्येक सेन्सर तुमच्या खिशातून. वॉरंटी वाढवून मिळत असेल तर तास वाढवून घेऊ नका, वर्षं वाढवून घ्या.

६. चाचणी घेताना रीजन डोळ्यांनी बघा

शोरूमच्या आवारात दोन चकरा मारून काही कळत नाही. डीलरला सांगा की उभ्याने रीजन करून दाखवा. तो कुरकुरेल, पण अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद. बटण दाबून धरलं की थोड्या वेळाने इंजिनाचे आरपीएम आपोआप चढतात, पंखा जोरात फिरू लागतो. दहा मिनिटांत धुराड्याच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसते आणि तो करपट वास येतो. मध्ये कोणी ब्रेक सोडला किंवा पेडलवर पाय ठेवला तर सगळं रद्द होऊ शकतं. संपल्यावर आरपीएम स्वतःच उतरतात. हे एकदा बघितलेल्या माणसाला पुढे कधी आग लागल्यासारखं वाटत नाही. त्या दिवशी मी हे बघितलं असतं, तर पुढचे दोन महिने गेले नसते.

७. जुना घेत असाल तर

डीपीएफवाला वापरलेला ट्रॅक्टर घेणं वाईट नाही, फक्त नेहमीची पारख पुरत नाही. रंग, टायर, क्लच बघालच. त्याशिवाय हे कागद मागा:

- सर्व्हिसची वही किंवा डीलरच्या कॉम्प्युटरमधला इतिहास
- एकूण तास आणि त्यातले रिकामे चाललेले तास. हा आकडा इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये बहुधा सापडतो
- काजळी आणि राखेचा आत्ताचा टक्का
- साठवलेले एरर कोड, पुसण्याआधीचे
- लॅपटॉपने किती वेळा जबरदस्तीने रीजन करावं लागलं, त्याची नोंद

तास कमी असलेला ट्रॅक्टर बघून हुरळून जाऊ नका. ३०० तासांत पाच वेळा लॅपटॉप लागलेला ट्रॅक्टर, २००० तास नांगराला जुंपलेल्या ट्रॅक्टरपेक्षा वाईट असू शकतो. कोड त्याच सकाळी पुसलेले असतील तर अर्धा तास चालवून परत वाचायला लावा.

धुराड्याच्या आत बोट फिरवा, अर्थात गार असताना. डीपीएफ शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ येतं. काळं आलं, तर गाळणी तडकलीय किंवा आतून पोकळ केलीय. विकणारा काहीही सांगो, बोटावर विश्वास ठेवा.

८. चालवण्याच्या सवयी

जुन्या डिझेलवर हात बसलेल्यांना दोन गोष्टी विसराव्या लागतात. पहिली, "जरा गरम होऊ दे" म्हणून वीस मिनिटं रिकामं चालू ठेवणं. रिकाम्या इंजिनाचा धूर इतका गार असतो की काजळी जळत तर नाहीच, उलट वाढते. एक-दोन मिनिटं ऑइल फिरू द्या, मग हलक्या ओझ्यावर निघा. तापायचं ते कामात तापेल. दुसरी, डिझेल वाचवायला आरपीएम अगदी खाली ठेवणं. पीटीओची अवजारं तिच्या ठरलेल्या वेगावर, म्हणजे बहुधा ५४० फेऱ्यांवर, चालवलीत तर इंजिन योग्य जागी राहतं.

किरकोळ कामं साठवा. लोडरची, ओढाओढीची, ट्रॉलीची सगळी एकाच दिवशी काढा आणि शेवटी गवतकापणीसारखं तासभराचं दमवणारं काम ठेवा. मी आता असंच करतो. माती सरकवायची असली की वाट बघतो, गवत वाढू देतो.

रीजन सुरू झालं की पुरं होऊ द्या. फक्त जागा बघा. त्या वेळी धुराड्याचा भाग प्रचंड तापतो. वाळलेलं गवत, पाचोळा, कडब्याची गंजी, लाकडी शेड यांच्याजवळ असाल तर ढकलायचं बटण दाबा, मोकळ्या कठीण जमिनीवर या आणि तिथे करा. त्या बटणाचा उपयोग एवढाच. रोज दाबून ठेवायचं ते बटण नाही.

आणि डिपस्टिक. रीजनसाठी सोडलेलं डिझेल काही इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. रीजन अर्धवट तुटत राहिलं तर जास्तच. माझ्या डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या अर्ध्या बोटाने वर आलं होतं. मी खूष झालो होतो, की थेंबभर ऑइल खात नाही. पट्टी नाकाजवळ धरली तेव्हा डिझेलचा वास आला. ऑइल वाढलेलं दिसलं तर ते पातळ झालंय, बदला.

ऑइल कमी राखेचंच घ्या. डब्यावर सीजे-४ किंवा सीके-४ असं लिहिलेलं असतं, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. डिझेलही कमी गंधकाचंच हवं. आणि तास भरोत न भरोत, ऑइल वर्षातून एकदा बदला.

९. डेफचं पथ्य

एससीआर नसेल तर हा भाग सोडा.

डेफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि उरलेलं क्षारमुक्त पाणी. शेतातला युरिया पाण्यात विरघळवून चालेल का, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. चालत नाही. खताच्या युरियात बाययुरेट नावाची अशुद्धी आणि दाणे चिकटू नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात, साध्या पाण्यात क्षार असतात. दोन्ही मिळून फवारणीचं नोझल आणि जाळी खराब करतात. डब्यावर आयएसओ २२२४१ लिहिलेलं बघा.

ते उन्हात लवकर मरतं. २५ अंशांपर्यंतच्या जागेत साधारण १८ महिने टिकतं, ३० अंशांत १२, ३५ अंशांत ६ महिने. उणे ११ अंशांना गोठतं, पण गोठून वितळलं तरी बिघडत नाही. थंडीपेक्षा ऊन त्याचा मोठा शत्रू.

खप डिझेलच्या साधारण २ ते ६ टक्के. वर्षाला २०० लिटर डिझेल जाळणाऱ्याला १२ लिटरच्या वर डेफ लागत नाही. त्यामुळे मोठा पिंप घेऊन "स्वस्त पडलं" म्हणू नका. छोटे डबे घ्या आणि डब्यावरची तारीख बघा. टाकीत जुनं पडलेलं असेल तर रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या नळीत दोन थेंब टाकून टक्का बघता येतो. तो ३१.८ ते ३३.२ च्या बाहेर गेला तर टाकी रिकामी करून नवं भरा. इंजिनाला हे तुमच्याआधी कळतं, आणि ते ताकद कमी करून सांगतं.

झाकणाभोवती पांढरे खडे जमतात, मिठासारखे. तो सुकलेला युरिया. कोमट पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, आत पडू देऊ नका. ओतायला वेगळं, स्वच्छ नरसाळं ठेवा आणि त्याला डिझेलजवळ फिरकू देऊ नका. चुकून डिझेलच्या टाकीत डेफ किंवा डेफच्या टाकीत डिझेल गेलं, तर किल्लीला हात लावू नका. सुरू न करता टाकी काढून घेतली तर नुकसान टाकीपुरतं राहतं.

१०. उभा ठेवताना आणि परत काढताना

शेवटचं काम दमवणारं करा, म्हणजे गाळणी मोकळी करून ट्रॅक्टर झोपतो. डिझेलची टाकी काठोकाठ भरा. रिकाम्या जागेत दमट हवा राहते, तिचं पाणी होतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतूंचा बुळबुळीत थर वाढतो.

बॅटरीला बंद करायचा स्विच बसवून घ्या. आजच्या ट्रॅक्टरचा कॉम्प्युटर किल्ली काढल्यावरही थोडी थोडी वीज खातो. पण एससीआर असेल तर किल्ली काढल्या काढल्या स्विच मारू नका. पंप नळ्यांतलं डेफ टाकीत परत ओढत असतो, कान दिला तर त्याची घुरघुर ऐकू येते. दोन-तीन मिनिटं थांबा, मग बंद करा. नळ्यांत डेफ राहिलं तर तिथेच त्याचे खडे होतात.

उंदरांचं काही तरी करा. सेन्सरच्या वायरी त्यांना फार आवडतात, आणि एक कुरतडलेली वायर म्हणजे एक एरर कोड.

शेडमधलं सामान साधंच लागतं: बॅटरी चार्जर, डेफसाठीचं नरसाळं, रिफ्रॅक्टोमीटर, पाणी सोडायला छोटं भांडं, फडकी, आणि तास लिहायची वही. एरर कोड वाचणारं यंत्र तुमच्या मॉडेलला चालत असेल तर तेही घ्या, पण मॉडेल सांगून, दाखवून घ्या. कुठलंही कुठेही चालत नाही.

महिन्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करून बंद करायची सवय असेल, तर मोडा. त्या पाच मिनिटांत बॅटरी भरत नाही, ऑइलमधलं पाणी उडत नाही, गाळणीत मात्र काजळीची भर पडते. सुरू करायचाच असेल तर पाऊण तास कामाला लावा. तेवढं काम नसेल तर चार्जर लावा आणि ट्रॅक्टरला झोपू द्या.

दोन-तीन महिन्यांनी काढताना आधी डिपस्टिक, मग डिझेल फिल्टरखालचं पाणी, मग एअर फिल्टरच्या डब्यात घरटं झालंय का ते. डेफची तारीख. रेडिएटरची जाळी. मग किल्ली. पहिला अर्धा तास मी डॅशवरच्या काजळीच्या टक्क्यावर नजर ठेवतो आणि कामाला लागताना व काम संपल्यावर दोन्ही आकडे वहीत लिहितो. गेल्या खेपेला ३४ वर निघालो होतो, दोन तास गवत कापून परतलो तेव्हा १९ होता.